श्रीखंडाचा डबा आणि बारावीची केमिस्ट्री

मी रबाळ्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. काम म्हणजे बहुतेक वेळ टायट्रेशन: खुणांच्या काचनळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, फ्लास्कमध्ये थेंबथेंब द्रावण सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात त्याची एक खोड मोडावी लागते. मालाबरोबर आलेल्या कागदावर अपेक्षित आकडा छापलेला असतो. तो आधी वाचायचा आणि मग ब्युरेटला हात लावायचा, ही ती खोड. १८.४ मिलिलिटर यायला हवं हे एकदा डोक्यात बसलं की १८.३ ला फ्लास्क अजून पांढराच वाटतो आणि १८.४ ला हमखास गुलाबी दिसतो. पोरगं खोटं बोलत नसतं, डोळा लबाडी करतो. म्हणून आमच्याकडे कागद पालथा ठेवायचा, रीडिंग शाईने वहीत लिहायचं आणि मगच कागद उलटायचा.

हे आठवायचं कारण ठाण्यात नौपाड्याला, भावाच्या घरी घडलं. भाची बारावी सायन्सला आहे. जेवणाच्या टेबलावर केमिस्ट्रीचा प्रश्नसंच, शेजारी उत्तरांचं पुस्तक, दोन्ही उघडी. प्रश्न वाचायचा, उत्तर वाचायचं, पिवळा हायलायटर फिरवायचा, "हं, येतंय" म्हणायचं, पुढचा प्रश्न. तासाभरात चाळीस प्रश्न 'झाले'. मी पुस्तक ओढून घेतलं आणि त्यातलाच सातवा विचारला.

"अगं आत्या, आत्ताच तर केला हा!"

"मग सांग."

"थांब, आठवतंय..." आठवलं नाही. पान समोर धरलं तर लगेच म्हणाली, "हो, हेच!"

या "हो, हेच"मध्ये सगळी गोम आहे. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज समोर बसणारी बाई मला पटकन ओळखू येते. पण घरी कोणी विचारलं, तिच्या चष्म्याची फ्रेम कशी आहे, तर मी गप्प. वर्षभर रोज पाहूनही. उत्तर वाचताना डोकं ओळखायचं काम करतं. ते सोपं असतं आणि सोपं वाटलं की आपल्याला 'येतं' असा समज होतो. परीक्षेत मात्र समोर कोरी उत्तरपत्रिका असते, तिच्यात ओळखण्यासारखं काहीच नसतं.

यावर एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केलेला, २००६ साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पुन्हा तपासलं. आता वाचणारे ४० टक्क्यांवर घसरलेले आणि आठवून लिहिणारे ६१ वर. बिचाऱ्या वाचणाऱ्यांना सुरुवातीला स्वतःबद्दल जास्त खात्री होती, हे त्यातलं मला सगळ्यात ओळखीचं वाटलेलं. रात्री वाचून सकाळी पेपर देणाऱ्यांना वाचन का पुरेसं वाटतं आणि फेब्रुवारीत का पुरत नाही, ते या चार आकड्यांत दिसतं.

हे कुठल्याही विषयाला लागू आहे. केमिस्ट्रीत मात्र आणखी एक भानगड आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे रसायनशास्त्र शिक्षक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी ती नेमकी मांडली. रसायनशास्त्रात एकच गोष्ट तीन पातळ्यांवर चालू असते. एक, डोळ्यांना दिसतं ते. दोन, आत कणांचं काय चाललंय ते. तीन, कागदावरची चिन्हं. सिल्व्हर नायट्रेटच्या पारदर्शक द्रावणात मिठाचं पारदर्शक पाणी ओतलं की दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका पडतो, हे दिसणं झालं. आत सिल्व्हर आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना धरून खाली बसलेले असतात आणि सोडियम, नायट्रेट काही न करता तसेच तरंगत असतात. कागदावर याचं एका ओळीचं समीकरण होतं. शिकवणारा या तिन्ही मजल्यांवर लिफ्टने फिरतो. शिकणाऱ्याला जिने चढावे लागतात, आणि बहुतेक मुलं थेट तिसऱ्या मजल्यावर राहायला जातात, म्हणजे समीकरण पाठ करतात. मग प्रश्न आला, "हा साका अमोनियात का विरघळतो?", की पंचाईत. कारण उत्तर दुसऱ्या मजल्यावर आहे. अमोनियाचे दोन रेणू सिल्व्हरच्या आयनला दोन बाजूंनी पकडतात, नवा संयुक्त आयन पाण्यात खुशाल राहतो, आणि क्लोराइड एकटा पडतो.

म्हणून भाचीला पहिलं काम सांगितलं ते इतकंच: उत्तराचं पुस्तक पालथं. आणि लिहिलेलं उत्तर पुस्तकाशी जुळलं, तर तेच उरलेल्या दोन मजल्यांवरून तोंडी सांगायचं. समीकरण लिहिलंय तर टेस्ट ट्यूबमध्ये काय दिसेल ते सांग. रंग लिहिलाय तर आत काय झालं ते सांग.

आता एक गणित नीट करून बघू, कारण नुसत्या उपदेशाने हे पटत नाही. प्रश्न असा: पहिल्या ऑर्डरची एक अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, तर तिची हाफ-लाइफ किती? (पहिल्या ऑर्डरची म्हणजे माल जितका उरेल त्या प्रमाणात वेग राहणारी; हाफ-लाइफ म्हणजे अर्धं काम व्हायला लागणारा वेळ.)

पुस्तकातलं उत्तर चार ओळींचं. वेगस्थिरांक के म्हणजे २.३०३ भागिले ६०, गुणिले लॉग (१०० भागिले २५). लॉग ४ म्हणजे ०.६०२१. के आला दर मिनिटाला ०.०२३१. हाफ-लाइफ ०.६९३ भागिले ०.०२३१, म्हणजे ३० मिनिटं. वाचताना लोण्यासारखं उतरतं. कुठेही अडकायला होत नाही, आणि हाच तोटा.

भाचीने उत्तर झाकून केलं तेव्हा तिने छेदात २५ ऐवजी ७५ घातले. प्रश्नात तोच आकडा दिसतो, तोच हाताला लागतो. लॉगची किंमत ०.१२४९ आली आणि हाफ-लाइफ १४४ मिनिटांच्या वर गेली. तिने शांतपणे खाली दोन रेघा मारल्या.

मी विचारलं, "साठ मिनिटांत पाऊण काम झालं ना? मग अर्ध्या कामाला एकशे चव्वेचाळीस मिनिटं कशी लागली?"

ती एकदम हसली. सूत्रात 'झालेलं' घालायचं नसतं, 'उरलेलं' घालायचं असतं, हे आता ती विसरणार नाही. पुस्तकातला २५ चा आकडा ती त्याआधी निदान तीनदा वाचून गेली होती. चूक हातून घडेपर्यंत तो कुठून आला हा प्रश्नच तिला पडला नव्हता.

आणि इथे थांबायचं नाही. एक प्रश्न सुटला की त्याच प्रश्नाला जरा पिळायचं. ७५ टक्के म्हणजे अर्धं झालं, मग उरलेल्याचं अर्धं झालं, म्हणजे दोन हाफ-लाइफ. ६० मिनिटांत दोन, तर एक ३० ची. लॉग टेबल उघडायची गरजच नव्हती! मग ८७.५ टक्के व्हायला? तीन हाफ-लाइफ, ९० मिनिटं. ९० टक्के व्हायला? इथे अर्धं-अर्धं करून नेमकं जमत नाही, सूत्राकडे जावं लागतं. लॉग १० म्हणजे १, म्हणून २.३०३ भागिले ०.०२३१, जवळजवळ १०० मिनिटं. आणि आता खरी मजा: आकडे तेच ठेवायचे, फक्त अभिक्रिया शून्य ऑर्डरची करायची. वेग कायम तोच, म्हणजे ६० मिनिटांत ७५ टक्के तर ५० टक्क्यांना सरळ ४० मिनिटं. हाफ-लाइफ ४०, ३० नव्हे. प्रश्नातला एकच शब्द बदलला होता. मला विचाराल तर असा एक प्रश्न चार अंगांनी केलेला, चाळीस वाचलेल्यांपेक्षा बरा.

डब्याची गोष्ट आता येते. प्रत्येक धड्याच्या शेवटी असलेले प्रश्न सोडवण्यात एक छुपी सवलत असते: आपण कुठल्या धड्यात आहोत ते माहीत असतं. 'सोल्यूशन्स'च्या शेवटचा प्रश्न आहे, म्हणजे मोलॅलिटी (दर किलो द्रावकात किती मोल) नाहीतर राऊल्टचा नियम लागणार, हे प्रश्न न वाचताही कळतं. पेपरात ही पाटी कोणी लावत नाही. त्यामुळे कुठलं सूत्र लावायचं हे ठरवण्याची सवयच होत नाही, आणि मार्क जातात ते बहुतेक तिथेच. भावाच्या घरात श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. प्रत्येक प्रश्न एका चिठ्ठीवर, मागच्या बाजूला फक्त अंतिम उत्तर, आणि सगळ्या धड्यांच्या चिठ्ठ्या एकत्र डब्यात. रोज दहा काढायच्या. राऊल्टनंतर कॅनिझारो, त्यानंतर बॅटरी, त्यानंतर पुन्हा कायनेटिक्स. सुटली तर चिठ्ठीवर तारीख टाकून परत डब्यात. तीन वेगवेगळ्या दिवशी सुटली की बाहेर. त्याच रात्री लागोपाठ तीनदा सोडवलेली मोजायची नाही, ती फक्त हाताची सवय असते. मधे दोन-चार दिवस जाऊन थोडं विसरायला झालं पाहिजे. विसरत आलेलं ओढून काढायला जो त्रास होतो, तोच कामाचा.

पहिल्या आठवड्यात तिला हे अजिबात आवडलं नाही. धडावार करताना दहापैकी नऊ येत होते, डब्यातून चार. "आत्या, मी मागे चाललेय." असं वाटणारच. आई-वडिलांनीही या आठवड्यात मार्क विचारू नयेत, असं माझं मत आहे.

ऑरगॅनिकला तर डबा फारच लागतो. अल्डिहाइडची सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर कुठली अभिक्रिया होणार, अल्डॉल की कॅनिझारो? मुलं यादी पाठ करतात: फॉर्माल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइड कॅनिझारोत, अ‍ॅसिटाल्डिहाइड अल्डॉलमध्ये. मग चिठ्ठीत २,२-डायमिथाइलप्रोपॅनल निघालं की यादी संपते. प्रश्न एकच विचारायचा असतो: अल्डिहाइड गटाच्या शेजारच्या कार्बनवर, म्हणजे आल्फा कार्बनवर, हायड्रोजन आहे का? इथे त्या कार्बनवर तीन मिथाइल गट बसलेले, हायड्रोजनला जागाच नाही, म्हणून कॅनिझारो. एक मिथाइल कमी करून २-मिथाइलप्रोपॅनल घेतलं तर हायड्रोजन येतो आणि कॅनिझारो हुकतं.

आमच्याकडच्या मुलांची एक खास अडचण कुठल्याच प्रश्नसंचात लिहिलेली नसते. भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. तिथे अ‍ॅनोड म्हणजे 'धनाग्र' आणि कॅथोड म्हणजे 'ऋणाग्र'. विद्युत अपघटनात हे चपखल बसतं, अ‍ॅनोड तिथे धनच असतो. बारावीत डॅनियल सेल, म्हणजे जस्त-तांब्याची बॅटरी, येतो आणि अ‍ॅनोड असतो जस्ताचा, ऋण टोक! ऋण असलेला धनाग्र. ती मनातल्या मनात मराठीत भाषांतर करत होती आणि दर वेळी तांबं अ‍ॅनोडला ठेवत होती. तांब्याचं ०.३४ वजा जस्ताचं उणे ०.७६, म्हणजे १.१० व्होल्ट यायच्या जागी उणे १.१० यायचं. तिला वाटत होतं आपलं गणित कच्चं आहे. गणित उत्तम होतं, शब्दाने दगा दिला होता. ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटणं, जिथे होतं तो अ‍ॅनोड, चिन्ह काय ते मागाहून बघायचं. एवढं चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिल्यावर ते प्रकरण मिटलं. पण ते सापडलं कसं? चुकांच्या वहीमुळे.

चुकांची वही म्हणजे चुकलेलं उत्तर सुबक अक्षरात पुन्हा उतरवणं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते शुद्धलेखन झालं. या वहीत फक्त एक ओळ लिहायची: चूक कुठल्या जातीची? आठवलंच नाही, की आठवलं पण कुठलं लावायचं ते कळलं नाही, की आकडेमोड-एकक चुकलं, की प्रश्नच नीट वाचला नाही. महिन्याभराने वही उलगडली की जात दिसते. भाचीच्या वहीत इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या सात चुका होत्या, सातही चिन्हाच्या. प्रत्येक जातीचं औषध निराळं असतं. एककं चुकणाऱ्याने धडा पुन्हा वाचून काही होत नाही.

एककांचं एक उदाहरण देते. ६ ग्रॅम युरिया ५०० ग्रॅम पाण्यात, गोठणबिंदू किती खाली जाईल? युरियाचं मोलर वस्तुमान ६०, म्हणून ०.१ मोल. पाणी ०.५ किलो, मोलॅलिटी ०.२. पाण्याचा स्थिरांक १.८६, उत्तर ०.३७२ केल्विन. पाणी ग्रॅममध्येच ठेवलं तर ०.०००३७२ येतं, आणि पोरं तेही बिनदिक्कत लिहून मोकळी होतात. युरियाऐवजी ५.८५ ग्रॅम मीठ घातलं तर मोल तेवढेच, पण प्रत्येकाचे दोन आयन होतात, म्हणून उत्तर साधारण दुप्पट, ०.७४४.

आणि लॉग टेबल. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे हा खड्डा प्रत्येकाच्या वाटेत आहे. ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं पीएच काढायचंय. ०.०५ चा लॉग टेबलातून येतो २ वर आडवी रेघ आणि पुढे .६९९०. ती रेघ फक्त २ ला उणे करते, पुढच्या अपूर्णांकाला नाही. म्हणजे उणे २ अधिक ०.६९९०, उणे १.३०१०, पीएच १.३०. घाईत मुलं २.६९९ लिहितात. अंदाज घेतला तर चूक लगेच पकडता येते: ०.१ मोलरचं पीएच १, ०.०१ मोलरचं २, मग मधल्या ०.०५ चं २.७ कसं असेल?

हा अंदाज घ्यायची सवय आणखी एका कारणासाठी हवी. छापील उत्तरंही चुकतात. आमच्या वेळच्या एका गाइडमध्ये शून्य ऑर्डरच्या गणिताला पहिल्या ऑर्डरचं उत्तर छापलेलं होतं. मी दोन दिवस स्वतःला मठ्ठ समजत होते. आता फोनवर प्रश्नाचा फोटो काढला की क्षणात पायऱ्यांसकट उत्तर येतं, तेही कधी कधी तितक्याच ठामपणे चुकीचं असतं. फोन वापरू नकोस असं मी भाचीला म्हटलं नाही, तसं सांगून उपयोगही नव्हता. एवढंच ठरलं, की तीन मार्कांच्या गणिताशी आधी पाच मिनिटं झटापट करायची. तरी नाही जमलं तर उत्तराची फक्त पहिली ओळ बघायची, झाकायची, पुढे आपलं आपण. बहुतेक वेळा अडलेलं त्या पहिल्या ओळीपाशीच असतं.

डब्यात टाकायच्या आधी धडा एकदा समजून वाचलेला हवा, हे सांगायचं राहिलं. रिकाम्या विहिरीत पोहरा सोडून काही येत नाही.

परीक्षांचं थोडक्यात. बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तास, प्रात्यक्षिकांचे ३० वेगळे. दोन आणि तीन गुणांचे प्रश्न बारा-बारा असतात, त्यांतले आठ-आठ सोडवायचे. चार गुणांचे पाचांपैकी तीन. पर्यायांसकट छापलेले प्रश्न ९८ गुणांचे होतात, म्हणजे कुठला सोडायचा हेही शिकावं लागतं. सूत्र, किमती, एकक, सगळं दाखवून लिहायचं. सीईटीला उलट. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटं, एकाला ५४ सेकंद, पायऱ्या कोणी बघत नाही, चुकल्याचे गुण कापत नाहीत म्हणून एकही रिकामा ठेवायचा नाही. तिथे '७५ टक्के म्हणजे दोन हाफ-लाइफ' उपयोगी पडतं, बोर्डाला लॉगची ओळ. म्हणून तिच्या काही चिठ्ठ्यांवर 'लांब' आणि 'लघु' अशी दोन्ही उत्तरं आहेत. नीटमध्ये चुकीला एक गुण जातो, तिथला हिशेब निराळा.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा तिने डबा माझ्यापुढे धरला. "आज तू काढ." चिठ्ठी निघाली: झिंकचे क्षार रंगहीन का? डी कक्षेत दहाच्या दहा इलेक्ट्रॉन, उडी मारायला रिकामी जागा नाही, म्हणून दृश्य प्रकाश शोषला जात नाही. स्कँडियमच्या तीन धन आयनात डी मध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, तोही रंगहीन. मी खुशीत चिठ्ठी परत टाकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मग परमँगनेट? त्यात मँगनीज सात धन. डी मध्ये शून्य. जांभळं कसं?"

पोटॅशियम परमँगनेट माझ्या ब्युरेटमध्ये वीस वर्षं आहे. इतकं गडद, की खालची कड दिसत नाही, रीडिंग वरच्या कडेवरून घ्यावं लागतं, हे मी झोपेत सांगेन. पण 'का' म्हटल्यावर मला चहाचा कप खाली ठेवावा लागला. दोन मिनिटांनी आठवलं: इथे इलेक्ट्रॉन डी मधल्या डी मध्ये उडी मारतच नाही, प्रकाश शोषून तो ऑक्सिजनकडून मँगनीजकडे जातो, आणि त्याचा रंग फार गडद असतो. बरोबर आहे की नाही ते बघायला मी पुस्तकाकडे हात नेला. तिने ते आधीच पालथं घातलं होतं.

"आधी लिही, आत्या."